मुलगा रोज नवी फेडोरा टाकतो, हे करिअर आहे का?

प्रश्न : कराडजवळ माझं हार्डवेअरचं दुकान आहे (खिळे, पाइप, पत्रे). मुलगा पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर तो फेडोरा लिनक्सची (विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम) 'रॉहाइड' नावाची, अजून तयार न झालेली आवृत्ती घेऊन बसलेला असतो. गेल्या महिन्यात २० तारखेला जीएसटी रिटर्न भरायला बसलो, तर विंडोज गायब आणि टॅलीचा डेटाही गेलेला. तो म्हणतो, 'मी टेस्टिंग करतो, कंपन्या याचाच पगार देतात.' याला रोखू की करू देऊ?

नमस्कार.

आधी टॅलीचं बोलू. बॅकअप न घेता दुकानाच्या लॅपटॉपवर रॉहाइड टाकली ही चूक आहे, आणि ती पूर्ण त्याची आहे. 'टेस्टिंग' म्हणून ती माफ होत नाही. टेस्टिंगचा पहिला धडाच तो आहे की जे मोडलं तरी चालेल, त्याच मशीनवर मोडायचं. त्याला एखादा जुना, सेकंडहँड लॅपटॉप घेऊन द्या. व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) बरंच काही तपासता येतं, पण वायफाय, टचपॅड, झाकण मिटल्यावर मशीन नीट झोपतं का आणि पुन्हा उठतं का, हे खऱ्या लॅपटॉपवरच कळतं.

आता तो करतो काय, ते तुमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. फरशी बसवण्याआधी प्लंबर पाइपात पाणी भरून प्रेशर बघतो ना, तसंच हे. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास येते. रॉहाइड म्हणजे तिच्या आधीचा कच्चा माल, जवळजवळ रोज नव्याने बांधला जाणारा. ठरलेल्या वेळी त्यातून एक फांदी वेगळी काढतात, तिची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, येते, आणि शेवटी 'सोडायची की थांबायचं' याची रीतसर बैठक होते. एखादा बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, 'ब्लॉकर' (वाट अडवणारा) ठरला, तर तो सुटेपर्यंत आवृत्ती थांबते. असे बग शोधून नोंदवणाऱ्यांत कॉलेजची पोरंही असतात.

आणि कंपन्यांना यात रस का? फेडोरामागे रेड हॅट ही कंपनी आहे. फेडोरा ४० एप्रिल २०२४ मध्ये आली. तिच्यावरून पुढे रेड हॅटची बँका-कंपन्यांच्या सर्व्हरवर चालणारी लिनक्स १० तयार झाली, मे २०२५ मध्ये. म्हणजे आज पाइपात दिसलेली गळती उद्या भिंतीआड जाणार असते.

त्याच फेडोरा ४० ची गोष्ट मुलाला माहीत असेल, तुम्हीही ऐका. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या कच्च्या आवृत्तीवर स्वतःचं काम करत होता. एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. माग काढत गेला, तर 'एक्सझेड' या फाइल लहान करणाऱ्या साध्या प्रोग्रामात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवलेला! २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. तो बिघडवलेला प्रोग्राम रॉहाइडमध्ये आणि फेडोरा ४० च्या चाचणी आवृत्तीपर्यंत पोचला होता. पक्क्या, कंपन्यांच्या सर्व्हरवरच्या आवृत्त्या वाचल्या. उबुंटू या आणखी एका लिनक्सने तर खबरदारी म्हणून २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली.

पण ही गोष्ट ऐकून पोरं फार लवकर स्वतःला फ्रॉइंड समजू लागतात. अर्धा सेकंद खटकणं ही एक गोष्ट, आणि त्याचा माग काढून दुसऱ्याला समजेल असं लिहिणं ही दुसरी. पगार दुसरीला मिळतो. म्हणून 'किती वेळा टाकली' हे विचारू नका. 'तू नोंदवलेल्या बगचे नंबर दाखव' म्हणा. एकही नंबर नसेल, तर तो छंद आहे. छंद वाईट नाही, पण त्याला टेस्टिंग म्हणू नये.

'अपडेटनंतर वायफाय चालत नाही' ही तक्रार झाली. बग असा लिहितात : लॅपटॉप कुठला, वायफायची चिप कुठली, कालच्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) चालत होतं, आजच्यावर नाही, मशीन सुरू होताना येणाऱ्या बूट मेन्यूतून जुना कर्नल निवडला की पुन्हा चालतं, बिघडलेल्या वेळचा लॉग (मशीनने स्वतः ठेवलेली नोंद) सोबत जोडला आहे. फेडोरा शेवटचे तीन कर्नल ठेवते, म्हणजे हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे. चिरंजीव हे करतात का, विचारा. इंग्रजीची धास्ती असेल तर सोडा. तिथे छोटी, सरळ वाक्यंच लागतात.

त्याला एक काम मी सुचवतो, जे बर्लिनमधल्या टेस्टरला सुचणार नाही. डेस्कटॉप मराठीत लावायचा आणि 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द मेन्यूत, एडिटरमध्ये, टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायची खिडकी) लिहून बघायचे. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा अर्धा र. जिथे दोन्ही सारखे दिसतील किंवा र सुटा पडेल, तिथे बग. फेडोरात भाषांसाठी वेगळे चाचणी दिवस असतात, तिथे मराठी वापरणारा माणूस हवाच असतो.

नुसती रोजची नवी आवृत्ती टाकून बघणाऱ्याला नोकरी क्वचितच मिळते, हे मात्र त्याला स्पष्ट सांगा. ते काम बरंचसं 'ओपनक्यूए' हा चाचणीचा प्रोग्राम करतो : स्वतःच मशीन सुरू करतो, बटणं दाबतो, पडद्याचं चित्र ताडून बघतो. नोकरी आहे ती अशा चाचण्या लिहिणाऱ्याला, पॅकेज (प्रोग्राम बसवायचं तयार गाठोडं) बांधणाऱ्याला, सर्व्हर पडल्यावर लॉग वाचून कारण काढणाऱ्याला. म्हणजे शिकायचं ते पायथन आणि शेल (चाचण्या लिहायला), गिट (कोडमधले बदल सांभाळायला), आरपीएम (फेडोराची पॅकेज बांधायला). रेड हॅटचं ऑफिस पुण्यात आहे, पण एकाच दारावर डोळा ठेवून बसू नका. लिनक्स सपोर्टची आणि टेस्ट ऑटोमेशनची कामं इतरत्रही निघतात. अठरा पूर्ण झाली की गूगल समर ऑफ कोडला (नवख्यांना अशा खुल्या प्रकल्पांवर काम देणारा गूगलचा उपक्रम) अर्ज करू दे. तिथे आधीचं काम दाखवता आलं तर वजन पडतं.

आणखी एक. डिप्लोमानंतर इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असेल, तर शेवटच्या वर्षाचे मार्क लागतात. परीक्षेच्या महिन्यात रॉहाइड बंद. तिचं काही अडत नाही. तो परत येईल तेव्हा ती तितकीच कच्ची असेल.

नोंदवलेल्या बगला महिनोन्महिने उत्तर येत नाही, हेही होणार. फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, मग तिच्यावरचे उरलेले बग आपोआप बंद होतात. कधी त्याचाही होईल, कुणी न वाचता. त्या दिवशी 'सांगितलं होतं ना' म्हणू नका.

पुढच्या तीन महिन्यांत तीन बग, दुसऱ्या कुणीतरी 'माझ्याकडेही होतंय' म्हटलेले, एवढं त्याला ठरवून द्या, आणि नंबर मला कळवा. आणि रोज रात्री शटर ओढायच्या आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यायचं काम आजपासून त्याच्याकडेच द्या.