गावच्या स्मशानात माजी सैनिकांच्या पडक्या समाध्या आहेत. आम्ही पोरं मिळून त्या दुरुस्त करून नावं लावू म्हणतो. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात नावापासून करा. दगड, सिमेंट, फरशी हे सगळं त्याच्या मागून. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्या भागात आम्ही काही पोरं आणि गावातले पेन्शनीत आलेले फौजी मिळून हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पडलेला कट्टा पाच वर्षांनी बांधला तरी चालतो. पण त्याखाली कोण आहे हे ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यातही बहुतेक बायका, सून म्हणून या घरात आलेल्या. सासऱ्याचं नाव, पलटण, कुठल्या मुलखात होता, हे त्या अजून सांगतात. पणतवाला "आमच्यातलं कुणीतरी मिलिटरीत होतं" एवढंच माहीत असतं. तेव्हा आधी वही घेऊन घरोघर बसा. त्यासाठी म्हाळाचा पंधरवडा सगळ्यात चांगला. पुण्या-मुंबईला, गोव्याला असलेली माणसं घरी आलेली असतात, गेलेल्यांची नावं तशीही निघतातच, आणि आपण विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

इराकातल्या बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचलं तेव्हापासून मला हे काम सोडवत नाही. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावाच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि अन्न संपून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्या मुलखात मेलेल्या, पण थडगं न सापडलेल्या ४०,५०० हून जास्त सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय, आपल्या हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या खाली नुसता आकडा. हे परक्या सरकारनं केलं. पण जो जिवंत परत आला, ज्यानं इथलंच शेत कसलं आणि जो इथल्याच मातीत गेला, त्याचं नाव आपल्याच गावानं हरवावं हे मला सहन होत नाही.

घरात कागद मागा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, जुनी मनीऑर्डरची पावती, काहीही. मेडल असेल तर त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. एका घरात आज्जीनं ट्रंकेतून सुती चिंधीत बांधलेलं मेडल काढलं. घरच्यांनी ते आयुष्यभर पाहिलं होतं, पण कडेकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मोबाईलवर फोटो मोठा करून एकेक अक्षर वाचलं, तेव्हा समाधीवरच्या अर्ध्या पुसलेल्या नावाशी ते जुळलं. मेडल घासूनपुसून चकचकीत करू देऊ नका, कडेची अक्षरं झिजतात. घराबाहेरही नेऊ नका. फोटो काढा आणि तिथंच आज्जीच्या हातात परत द्या.

दगडावरचा हुद्दा आणि पलटण यावरूनही काळ कळतो. १०५ किंवा ११४ मराठा असं असेल तर तो माणूस १९२२ च्या फेररचनेआधी त्या पलटणीत होता. त्यानंतर या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या. 'जमादार' हा अधिकाऱ्याचा हुद्दा १९६५ पर्यंत होता, पुढं त्याचा 'नायब सुभेदार' झाला. नंबर मिळाला की पुढची वाट सोपी होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस आपल्या बेळगावातच आहे, सैनिक कल्याण खात्याचं कार्यालयही आहे. घरच्यांच्या सहीचा अर्ज नंबर घालून न्या. नुसतं नाव घेऊन गेलात तर एकाच नावाआडनावाचे कितीतरी निघतील. लढाईत गेलेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. दोन्ही महायुद्धांतले मृत त्यात आहेत, पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र कसंही असतं, तेव्हा 'जाधव'चं 'जाधाव' आणि 'जाधो' करूनही बघा.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जवळची आहे. तुम्ही 'गावचं स्मशान' लिहिलंय, पण आपल्याकडं गावाला स्मशान एक नसतं. लिंगायतांची दफनभूमी वेगळी, मुसलमानांचं कब्रस्तान वेगळं, ख्रिस्ती लोकांची वेगळी, दलित वस्तीची तर गावाबाहेर ओढ्याच्या कडेला. मराठा घरातली कितीतरी माणसं स्मशानात नाहीतच. दहन झालं आणि समाधी आपल्या मळ्यात बांधली. या सगळ्या जागा फिरा. महार रेजिमेंटची पहिली पलटण ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावातच उभी राहिली, हे आपल्याच जिल्ह्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्या वस्त्यांतल्या फौजींच्या जागा सगळ्यात जास्त मोडलेल्या सापडतात, कारण तिथं ना कुंपण ना वाट. आमच्या यादीत जातीचा रकाना नाही. तुम्हीही ठेवू नका, आणि पहिली साफसफाई त्या ओढ्याकडच्या जागेपासूनच करा. ज्येष्ठ मंडळी कुरकुर करतील. गावातला एखादा रिटायर सुभेदार पुढं घातला तर कोण बोलत नाही.

हात लावण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या, मग पंचायतीची. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी अर्ज द्या आणि जागेचा उतारा बघून हद्द समजून घ्या. शेजारच्या शेताचा बांध सरकत स्मशानात आलेला असतो आणि भांडण तिथंच पेटतं. कब्रस्तानाला जमातीच्या पंचांना आणि ख्रिस्ती दफनभूमीला फादरना विचारल्याशिवाय गवतसुद्धा कापू नका.

दगडाचं काम थोडक्यात सांगतो. साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, आणि धीर. फरशी धुवायचं अ‍ॅसिड, तारेचा ब्रश, ग्राइंडर यातलं काही नको. खानापूरकडच्या पावसात शेवाळ जाडजूड चढतं, पण भिजवून ठेवलं की सुटतं. जे सुटत नाही ते राहू द्या. अक्षरं दिसत नसतील तर भर दुपारी जाऊ नका. सकाळचं तिरपं ऊन असताना बघा, नाहीतर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला अगदी बाजूनं लावा. खोलगट अक्षरांत सावली पडते आणि नाव वाचता येतं. जुनं चुन्याचं बांधकाम असेल तर भेगा सिमेंटनं भरू नका, चुनाच वापरा, नाहीतर आत पाणी कोंडून दगड फुटतो. आणि जुन्या कोरीव अक्षरांवर ऑइल पेंट फिरवायचा नाही, कितीही मोह झाला तरी. नवी नावाची पाटी करायचीच तर ग्रॅनाइटची छोटी, समाधीला भोक न पाडता शेजारी रोवलेली.

पाटीच्या भाषेवरून आपल्या भागात वाद होऊ शकतो. आम्ही ठरवलं ते असं: समाधीजवळच्या पाटीवर घरच्यांना हवी ती भाषा, फाटकाजवळच्या मोठ्या यादीवर कन्नड आणि मराठी दोन्ही. मराठा पलटणीत कन्नड पोरंही असतात, एकत्र जेवतात, एकत्र लढतात. त्या यादीपाशी कधी कुणी आवाज चढवला नाही.

पावसाळ्यात काम काढू नका. कारगिलचा दिवस, २६ जुलै, मनात येईल, पण तेव्हा आमच्याकडं पाऊलही टिकत नाही. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन धरून चाला. सुगी उरकत आलेली असते, गवत वाळलेलं असतं, शाळेची मुलंही येतात.

झालेल्या कामाची वही करा: नाव, बापाचं नाव, नंबर, पलटण, जागा कुठं, माहिती कुणी दिली, फोटो. एक प्रत पंचायतीत, एक शाळेत, एक माजी सैनिक संघटनेकडं. ज्याचं नाव मिळालं नाही त्याचीही नोंद 'अज्ञात सैनिक' म्हणून करा आणि पान मोकळं ठेवा. तुमचं गाव कुठल्या तालुक्यात आहे ते खाली लिहा. खानापूर, बेळगाव किंवा हुक्केरीकडचं असेल तर आमच्यातले दोघं-तिघं एखाद्या रविवारी येऊन जातील.