‘आभासी यंत्र’ की ‘मानीव यंत्र’?

प्रश्न असा आला आहे: एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या, स्वतंत्र संगणकासारख्या चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनना मराठीत ‘आभासी यंत्रे’ म्हणतात. पण त्यांच्यावर तर खरीखुरी कामं चालतात, मग आभास कसला?

शंका अगदी रास्त आहे. आभास म्हणजे दिसतं पण नसतं. न्यायशास्त्रातला, म्हणजे तर्कशास्त्रातला, हेत्वाभास हेतूसारखा (कारणासारखा) दिसतो, पण त्यातून सिद्ध काहीच होत नाही. शाळेत शिकलेली आरशातली आभासी प्रतिमाही पडद्यावर धरता येत नाही; तिथे हा शब्द चपखल बसतो. ‘व्हर्च्युअल’च्या मुळाशी मात्र लॅटिन ‘व्हर्टुस’ आहे, म्हणजे गुण, सामर्थ्य. नावाने नसलं तरी परिणामाने आहे, असा त्याचा रोख. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी व्हर्च्युअल मशीनची व्याख्या केली तीही खऱ्या यंत्राची कार्यक्षम, अलग राखलेली प्रतिकृती अशी.

आता प्रत्यक्ष कारभार बघा. सर्व्हरची मेमरी ६४ जीबी, त्यावर चार व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), प्रत्येकीला सांगितलेली मेमरी २४ जीबी. बेरीज ९६! चौघींना एकाच वेळी सगळी लागत नाही, या भरवशावर हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम उभ्या करून सांभाळणारं सॉफ्टवेअर, हा संसार चालवतो. सर्व्हरवर ताण आला तर एखादी व्हीएम चालू असतानाच शेजारच्या सर्व्हरवर हलवतात. आधी मेमरीची पानं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, नकलून घ्यायची, तेवढ्यात बदललेली पुन्हा नकलायची, आणि शेवटी क्षणभर थांबवून उरलेली न्यायची. वापरणाऱ्याला बहुधा कळतही नाही. म्हणजे इथे आभास असलाच, तर तो ‘अख्खं यंत्र माझंच’ या मालकीचा. यंत्राचं काम खरंच असतं.

मला इथे ‘मानीव’ हा शब्द फार जवळचा वाटतो. गृहनिर्माण संस्थांमुळे ‘मानीव अभिहस्तांतरण’ (जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करणं) घरोघरी पोचलं आहे. बिल्डरने करून दिलं नाही, तरी कायदा ते झालं असं मानतो आणि संस्थेला मिळणारा हक्क पुरता खरा असतो. व्हीएमचंही तसंच: लोखंडाचं वेगळं खोकं नाही, पण व्यवहारात स्वतंत्र यंत्र.

‘आभासी’ आता पाठ्यपुस्तकांत रुळला आहे, तो चूक ठरवायला मी धजणार नाही. बोलताना ‘एक व्हीएम उभी कर’ हेच सहज. पण लेखात मराठी शब्द हवा असेल, तर मी ‘मानीव यंत्र’ लिहीन, आणि पहिल्या उल्लेखाशी ‘म्हणजे व्हर्च्युअल मशीन’ असं जोडीन.