ॲम्प्लिफायर बसवल्यापासून कारच्या एफएमवर खरखर येते, काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की डिकीत चार चॅनलचा क्लास-डी ॲम्प बसवला, स्टिरिओही नवा घातला, ब्लूटूथवर गाणी स्वच्छ वाजतात, पण एफएमवर लांबची स्टेशने खरखरतात. ब्लूटूथ स्वच्छ आहे म्हणजे आरसीए केबल (स्टिरिओतून ॲम्पकडे आवाज नेणारी) आणि ग्राउंड लूप (दोन ठिकाणच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे येणारी गुणगुण) यांच्यावर संशय नको. दुकानदार हटकून ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ सुचवेल. अल्टरनेटरच्या शिट्टीवर तो चालतो, इथे पैसे वाया जातील, शिवाय स्वस्त आयसोलेटर बेस खातो.

क्लास-डी ॲम्प सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होत आवाज घडवतो. त्या झटक्यांचे पडसाद एफएमच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झपर्यंत पोचतात आणि लांबलचक स्पीकर वायरी त्यांचे प्रक्षेपण करतात.

आधी मात्र अँटेना बघा, कारण निम्म्या वेळा दोष सिग्नल कमजोर असण्याचा असतो. छपरावरच्या आखूड अँटेनाच्या बुडाशी बहुधा छोटा बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. नव्या स्टिरिओची निळी वायर त्यासाठी असते, निळी-पांढरी ॲम्पच्या रिमोटसाठी, म्हणजे स्टिरिओबरोबर ॲम्प चालू-बंद करणाऱ्या वायरीसाठी. घाईत बसवणारे निळी टेप लावून सोडून देतात. काही युरोपीय गाड्यांत हे व्होल्टेज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. तिथे त्याच केबलमधून व्होल्टेज देणारा फँटम सप्लायचा अडॅप्टर हवा. अँटेनाच्या बुडाखाली गंज असेल तर तोही घासून काढा.

हे ठीक असेल तर स्रोत शोधा. इंजिन बंद, चावी एसीसीवर (इंजिनाविना स्टिरिओ चालतो त्या खाचेवर), एखादे कमजोर स्टेशन. अडचण अशी की ॲम्प बंद केला की सगळेच स्पीकर गप्प होतात. म्हणून एक सुटा स्पीकर तात्पुरता थेट स्टिरिओच्या आउटपुटला जोडा (त्याची कोणतीही वायर बॉडीला टेकवू नका). आता रिमोट वायर काढून-लावून फरक ऐका. खरखर ॲम्पबरोबर येत-जात नसेल तर डॅशकॅम किंवा लायटर सॉकेटमधला स्वस्त यूएसबी चार्जर उपसून बघा. ॲम्पच दोषी ठरला, तर तो बंद करून त्याच्या स्पीकर वायरी सोडवा आणि पुन्हा चालू करा. खरखर गेली तर त्या वायरीच अँटेना झाल्या आहेत. राहिली तर पॉवर, अर्थिंग आणि रिमोटकडे वळा.

स्पीकर वायरींवर उपाय: प्रत्येक जोडी एकमेकींत पिळा, २-३ सेंटिमीटरला एक पीळ पुरे. ड्रिल मशीनमध्ये टोके धरली की काम पटकन होते. मग ॲम्पपासून ५-१० सेंटिमीटरवर फेराइट (वायरीतला रेडिओ गोंगाट अडवणारे चुंबकीय कडे, म्हणजेच कोअर) बसवा, ३१ नंबरच्या मिश्रणाचे. अधिक आणि उणे दोन्ही वायरी एकाच कोअरमधून एकाच दिशेने न्या. एकच घातलीत तर गाण्याच्याच करंटने कोअर संपृक्त होतो, म्हणजे निकामी ठरतो. वेढे तीन घ्या. अडवणूक वेढ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिनाला साधारण नऊपट. चार-पाचाच्या पुढे एफएमवर फायदा उलट घटतो. स्पीकर टर्मिनलवर कपॅसिटर लावायचा जुगाड नको, आउटपुट स्टेज जळू शकते.

अर्थिंग ४५ सेंटिमीटरच्या आत, पॉवर वायरइतक्याच जाड वायरीने, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून करा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. पॉवर टर्मिनलांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय शक्य तितके आखूड ठेवून. पॉवर आणि अर्थ एकत्र एका मोठ्या क्लिप-कोअरमधून (वायरीवर चिमट्यासारखा बसणारा फेराइट) न्या. रिमोट वायर सगळे विसरतात. ती थेट स्टिरिओपर्यंत जाते, म्हणून तिलाही एक फेराइट.

अँटेनाची केबल छतातून मागच्या खांबातून उतरून उंबऱ्याच्या पट्टीखालून पुढे जात असेल, तर नेमक्या त्याच पट्टीखाली ॲम्पची पॉवर वायर असते. ही पॉवर वायर गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडणे टळत नसेल तर काटकोनात ओलांडा.

मीडियम वेव्ह ऐकत असाल तर हे पुरेसे नाही. ४०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या ॲम्पचा दुसरा पडसाद ८०० वर, म्हणजे आकाशवाणी पुण्याच्या ७९२ ला लागूनच पडतो, आणि तिथे एका वेढ्याचा क्लिप-कोअर जवळपास निरुपयोगी असतो. एवढे करूनही खरखर राहिली तर ॲम्पच्या आतला आउटपुट फिल्टरच निकृष्ट आहे, ॲम्पच बदला. नवा घेताना दुकानात तो चालू करून त्याच्या स्पीकर वायरींजवळ साधा ट्रान्झिस्टर धरून बघा.