सहा महिन्यांच्या फ्रेंचसाठी वावर गहाण टाकू नका

पत्र: यवतमाळ जिल्ह्यातले एक कास्तकार वडील लिहितात की मुलगी बारावी सायन्सला 74 टक्क्यांनी पास झाली, पीसीबी ग्रुपची सीईटीही दिली. एका क्लासवाल्याने सांगितलं की पुण्यात राहून सहा महिने फ्रेंच शिकली, की कॅनडाचं काम झालंच समजा. फी, होस्टेल, मेस धरून दीड लाख. त्यासाठी दोन एकर वावर गहाण टाकायचं ठरलंय. "पोरगी ॲग्रीचं म्हणते, पण शेतीत काय ठेवलंय? आठ दिवसांपासून बोलत नाही. फ्रेंच कोणत्या संस्थेत लावू, तेवढं सांगा."

उत्तर:

भाऊ, संस्थेचं सांगतो, पण आधी दुसरं बोलू. तुमच्या पत्रात फी आहे, मेसचा खर्च आहे, गहाणाचा हिशेब आहे. मुलीच्या इच्छेला मात्र अर्धी ओळ, आणि ती आठ दिवसांपासून बोलत नाही हे लिहून तुम्ही लगेच संस्थेवर आलात. मी तिथेच थांबलो. बारावी झालेली मुलगी घरात बोलणं सोडते, ती बहुतेक आधी पुष्कळ बोलून झालेली असते. तुम्ही तिचं ऐकलं, की फक्त उत्तर दिलं?

तुमची भीती मला कळते. कापसाचा भाव, सोयाबीनचं नुकसान, अवकाळी, हे सगळं तुम्ही अंगावर काढलंय आणि मुलीच्या वाट्याला ते येऊ नये असं तुम्हाला वाटतं. पण या भीतीपोटी तुम्ही तिच्यावर जे लादताय ते कमी जड नाही. पुण्याच्या वर्गात बसलेल्या त्या पोरीच्या डोक्यावर दोन एकर असतील. एखादी परीक्षा हुकली तर ती घरी फोन करून सांगू शकेल का? मला शंका आहे.

आता 'सहा महिन्यांत फ्रेंच, मग कॅनडा' या बोलण्याबद्दल. फ्रेंचच्या पायऱ्या सहा: ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2. सहा महिने नेटाने केलं तर ए2 पर्यंत जाता येतं, म्हणजे ओळख करून देणं, रस्ता विचारणं, साधा मेल लिहिणं. भाषेच्या जोरावर काम मागायचं तर किमान बी2 लागते. त्याला वर्गातलेच साधारण पाचशे-सहाशे तास जातात, घरचा अभ्यास वेगळा. आठवड्याला दहा तास धरले तरी वर्षाच्या वर. कॅनडात कायम राहायला जाणाऱ्यांची गुणांवर निवड करणारी एक्स्प्रेस एंट्री नावाची पद्धत आहे, तीत फ्रेंचचे गुण मिळतात, हे खरं आहे. पण त्यातल्या कुशल कामगारांच्या मुख्य योजनेत किमान एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभवही लागतो. बारावी झालेल्या मुलीकडे तो कुठून येणार? शिवाय तिथे चालणाऱ्या टीईएफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षांचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. आज दिलेली परीक्षा तिची पदवी होईपर्यंत बाद झालेली असेल. क्लासवाल्याने हे तुम्हाला सांगितलं नसेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे: तिला बीएस्सी ॲग्रीला जाऊ द्या. सीईटी तिने दिलीच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची महाविद्यालयं विदर्भभर आहेत. पसंतीक्रमात सरकारी आधी टाका, खासगीच्या फीत फार फरक पडतो. पुढे एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतलं कृषी अधिकारीपद, बियाणं कंपन्या, एमएस्सी हे रस्ते तुम्हाला ऐकून माहीत असतील. 'शेतीत काय ठेवलंय' हे कोरडवाहू कास्तकाराचं दुःख आहे, ते खोटं नाही. पण माती, कीड, बियाणं यांचं शास्त्र शिकलेल्या मुलीला तेच लागू होत नाही.

आणि फ्रेंच? तिला स्वतःला आवडली तर जरूर शिकू द्या, पदवीच्या जोडीने. पश्चिम आफ्रिकेत बेनिन, आयव्हरी कोस्ट, माली, बुर्किना फासो हे कापूस पिकवणारे देश आहेत, आणि तिथल्या कचेऱ्यांचा नि व्यापाराचा कारभार बराचसा फ्रेंचमध्ये चालतो. आपल्या पऱ्हाटीवरची बोंडअळी ओळखणारी आणि फ्रेंचमध्ये अहवाल लिहू शकणारी मुलगी बियाणं, जिनिंग किंवा संशोधनाच्या कामात उठून दिसेल. नुसती फ्रेंच येणारी बारावी पास मुलगी तशी दिसणार नाही.

संस्था विचारली होती, तर आलियाँस फ्रान्सेझ. पुण्यात, मुंबईत आहे, ऑनलाइन वर्गही घेतात. सुरुवात ए1 पासून, घरून, एकाच पातळीची फी भरून. परीक्षा द्यायची तर डेल्फ, म्हणजे फ्रान्स सरकारची फ्रेंचची परीक्षा द्यावी, त्याचं प्रमाणपत्र कायम चालतं. नुसत्या भाषेतच पदवी हवी असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू ही केंद्रीय विद्यापीठं आहेत, दोन्हीकडे सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश. पण तुमच्या मुलीने ते मागितलेलं नाही.

आज संध्याकाळी तिच्यासोबत बसा आणि ॲग्रीच का, एवढंच विचारा. मधे बोलू नका. मग सेतू केंद्रात किंवा तिच्या कॉलेजात जाऊन प्रवेश फेरीचं वेळापत्रक बघा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, जे लागू असेल ते आताच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी तहसीलमध्ये रांग असते. आणि गहाणखतावर अजून सही झाली नसेल, तर करू नका.