मोझांबिकचा ४ ऑक्टोबर: तह, समेट की सलोखा?

प्रश्न असा आला आहे: मोझांबिकमध्ये ४ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते. तिच्या पोर्तुगीज नावात ‘शांतता’च्या जोडीला दुरावलेल्यांनी पुन्हा एक होण्याचा अर्थ देणारा शब्द आहे. तो मराठीत कसा आणावा? तह, समेट, की आणखी काही?

माझे मत ‘शांतता आणि सलोखा दिन’ असे आहे.

४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये जे झाले त्याला ‘तह’ म्हणायला हरकत नाही. १९७७पासून चाललेले, सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेणारे यादवी युद्ध थांबवण्यासाठी फ्रेलिमो सरकारच्या वतीने अध्यक्ष शिसानो यांनी आणि रेनामो बंडखोरांच्या वतीने द्लाकामा यांनी सह्या केल्या. पण मराठी कानाला तह म्हटले की पुरंदर आठवतो, वसई आठवते. ‘युद्धात जिंकले, तहात हरले’ असे आपण आजही म्हणतो. तहात कोणीतरी काहीतरी गमावलेले असते, आणि ही छटा सुट्टीच्या नावात नको. ‘शस्त्रसंधी’त तर फक्त बंदुका खाली ठेवल्या जातात.

‘समेट’ जवळचा शब्द आहे, पण तो कोणत्या क्रियापदांबरोबर येतो ते पाहा. समेट होतो, समेट घडवून आणतात. रोममध्ये संत एजिदियो या ख्रिस्ती समुदायाच्या मध्यस्थांनी केले ते हेच. सलोखा मात्र नांदतो, तो राखावा लागतो, तो बिघडतो. मोझांबिकमध्ये तो बिघडलाही: २०१३मध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला, २०१४मध्ये एक करार झाला, तोही टिकला नाही, आणि ऑगस्ट २०१९मध्ये राजधानी मापुतोत पुन्हा सह्या कराव्या लागल्या. दरवर्षी पाळायच्या दिवसाला, तेही अशा देशात, राखावी लागणारी गोष्ट सांगणारा शब्दच हवा.

आक्षेप मला ठाऊक आहे. ‘जातीय सलोखा’, सणांपूर्वीच्या बैठका, ‘सलोखा राखा’ अशी आवाहने यांमुळे हा शब्द सरकारी आणि गुळगुळीत वाटू लागला आहे. पण जुन्या पत्रव्यवहारात ‘सलूख’ हा राज्याराज्यांत जुळलेल्या संबंधांसाठी येणारा भारदस्त शब्द होता. अलीकडचे उदाहरण तर मला फारच आवडते. महाराष्ट्र शासनाच्या २०२३च्या ‘सलोखा योजने’त, एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिल्याच्या ताब्यात, अशा शेतकऱ्यांना अदलाबदलीचा दस्त नाममात्र एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि तेवढेच नोंदणी शुल्क भरून करता येईल अशी सोय केली गेली. अट अशी की ताबा किमान बारा वर्षांचा हवा. म्हणजे इथे सलोखा नुसता गोड बोलण्यापुरता राहत नाही, सातबारा दुरुस्त होतो. रेनामोचे बंडखोर १९९४च्या निवडणुकीत उतरून संसदेत विरोधी पक्ष म्हणून बसले, त्यालाही हाच शब्द शोभतो.

‘दिलजमाई’ दोन घरांत किंवा दोन मित्रांत होते. ‘मनोमिलन’ वर्तमानपत्रांनी पक्षांच्या युत्यांसाठी इतके वापरले आहे की इथे ते विचित्र वाटेल.

लिहिताना एवढे सांभाळा: शीर्षकात ‘शांतता आणि सलोखा दिन’, पण वाक्यात ‘सलोख्याच्या दिवशी’, कारण सामान्यरूप होते. आणि ‘दिन’ ऱ्हस्वच. ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा.