बॅचलर पार्टीसाठी बोट: आधी सुकाणू कोण धरणार ते ठरवा

मित्राच्या लग्नाआधी दहा जणांनी नदीवर राहण्याची बोट भाड्याने घ्यायची, दोन रात्री तिच्यावरच काढायच्या, आणि बोट चालवायचा अनुभव मात्र कुणालाच नाही, तर नियोजन कसं करावं, असं तुम्ही विचारलंय. बेत सुंदर आहे, नक्की करा. मी मित्रांबरोबर अशा बोटींवर राहिलोय, त्यावरून माझं ठाम मत सांगतो: बोट चालू असेपर्यंत दारू नाही, काठाला बांधली की पार्टी. बाकीचं सगळं त्यावरून ठरवा.

म्हणून दिवसाला तीन-चार तासांपेक्षा जास्त प्रवास आखू नका. या बोटी ताशी 6 ते 8 किलोमीटरनेच जातात. वाटेत लॉक (दारं लावून पाण्याची पातळी बदलत बोट वर-खाली नेणारी कुंडी) असेल, तर प्रत्येक लॉकला 15-20 मिनिटं धरा. अंधार पडायच्या बऱ्याच आधी मुक्कामाला पोहोचा, कारण अंधारात काठाला लागणं नवख्यांचं काम नाही आणि भाड्याच्या बोटी रात्री चालवायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते.

पहिल्या दिवशी प्रवाहाविरुद्ध जा. समजा बोटीचा वेग ताशी 8 किलोमीटर आहे आणि पाणी ताशी 2 ने वाहतंय. मग 12 किलोमीटर वर जायला 2 तास लागतील आणि तेवढंच अंतर खाली यायला 1 तास 12 मिनिटं. परतीच्या दिवशी सगळे दमलेले असतात, त्या दिवशी नदी तुमच्या बाजूने असू द्या. उलट केलंत आणि मध्येच पाऊस होऊन पाणी वाढलं, तर इंजिनाला परत वर चढणं जड जाईल.

सुकाणू दोघांकडे द्या, आणि बोट ताब्यात घेताना मालक जे दाखवतो ते त्या दोघांनीही स्वतः हाताने करून बघायला हवं. नवरदेवाला यात घेऊ नका. बोटीला ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स टाकावा लागतो. वळताना मागची बाजू बाहेर फेकली जाते, त्यामुळे नवखा माणूस पुढे बघत राहतो आणि मागून काठाला घासतो. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे सरकायचं, हा सर्वसाधारण नियम आहे. काठाला लागताना नाक प्रवाहाच्या दिशेला नको, प्रवाहाविरुद्ध ठेवा, म्हणजे पाणीच वेग मारतं. आणि सगळ्यांना बजावून सांगा: बोट काठावर आदळतेय असं दिसलं तरी मध्ये हात किंवा पाय घालायचा नाही. बोटीचं वजन काही टन असतं. आदळू दे, रबरी फेंडर त्यासाठीच लावलेले असतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. नवरदेवाला पाण्यात ढकलायची गंमत कुणाच्या तरी डोक्यात असणारच. ती आधीच, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत बंद करा. पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर अचानक पडलेल्या माणसाला आपोआप धाप लागते, पहिला एखादा मिनिट श्वास ताब्यात राहत नाही आणि त्यातच पाणी छातीत जातं. पट्टीचा पोहणाराही यात सापडतो, प्यायलेला तर नक्कीच. शिवाय मागे पंखा फिरत असतो. चुकून कुणी पडलंच, तर सुकाणूवाल्याने लगेच गिअर न्यूट्रलला आणायचा, दुसऱ्याने पडलेल्याकडे हाताचं बोट रोखून नजर त्याच्यावरच ठेवायची, तिसऱ्याने तरंगती रिंग फेकायची. मागोमाग उडी कुणीही मारायची नाही. बोट चालू असताना आणि रात्री डेकवर जाताना लाइफ जॅकेट अंगात हवंच.

बुकिंग करताना बॅचलर पार्टी आहे हे सांगून टाका. काही कंपन्या फक्त पुरुषांच्या किंवा अगदी तरुण गटांना बोट देत नाहीत. लपवलंत तर धक्क्यावर पोहोचल्यावर नकार ऐकावा लागू शकतो. अनामत किती, मोडतोडीत विमा कुठपर्यंत, लायसन्स लागतं का, हे लेखी घ्या.

जागेबद्दल: दहा जणांची बोट म्हटलं की त्यातल्या दोन झोपायच्या जागा बहुतेक जेवणाच्या टेबलाच्याच असतात. ते टेबल मोडून बिछाना होतो, म्हणजे शेवटचा माणूस उठेपर्यंत त्या दोघांना झोपता येत नाही. परवडत असेल तर बाराची बोट घ्या. पाण्याची टाकी आणि संडासाची टाकी दोन्ही मर्यादित असतात, आंघोळी आटोपशीर ठेवा. स्पीकर बॅटरीवर रात्रभर वाजवलात तर सकाळी दिवे मंदावतील. शिवाय पाण्यावरून आवाज लांबवर जातो, शेजारी बोटींत मुलंबाळं झोपलेली असतात. खूप गोंगाट करायचाच असेल तर काठावर वस्तीपासून दूर मुक्काम शोधा. थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा निखारे आत आणून दारं लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म चालू आहे ना, हे पहिल्याच संध्याकाळी बटण दाबून बघा.

दुसऱ्या रात्रीचा मुक्काम परतीच्या धक्क्यापासून तासाभराच्या अंतरावर ठेवा. बोट बहुधा सकाळीच परत द्यायची असते. आणि त्या सकाळी चालवणाऱ्यांनी आदल्या रात्रीही हात आखडता घ्यायला हवा, कारण रात्रीची दारू झोपेने लगेच उतरत नाही.