पाण्यात भिजल्याने क्षय होतो का?

प्रश्न : आम्ही पंचगंगेकाठचे भोई. थोरल्या दिरांना फुप्फुसाचा क्षय निघालाय. रात्रभर पाण्यात भिजून झाला, असं सासूबाई म्हणतात. एका खोलीत सहा जण राहतो. काय काळजी घ्यावी?

उत्तर : भिजल्याने क्षय होत नाही. खोकल्यातून उडालेले जंतू कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. पावसाळ्यात खिडकी बंद आणि तिच्यापुढे जाळ्यांचा ढीग, म्हणजे हवा कोंडलीच. जाळी पडवीत टांगा, दार-खिडकी समोरासमोर उघडी ठेवा. चुलीचा धूर आणि विडीनेही धोका वाढतो. चूल बाहेर न्या. दिरांनी खिडकीशी, वेगळं झोपावं, मास्क लावावा. भांडी मात्र वेगळी करू नका. क्षय ताटवाटीतून पसरत नाही, माणूस उगाच खचतो.

साध्या क्षयाचे उपचार ६ महिन्यांचे. महिनाभरात बरं वाटतं, तिथेच गोळ्या सुटतात आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, ५ वर्षांखालच्या मुलांची आधी. आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. सरकारी दवाखान्यात तपासणी, औषधं मोफत. निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये दिरांच्या बँक खात्यात येतात. ते अंडी, डाळ, मासळीवरच खर्चा.